गेलेला जीव परत आणताना : गिधाडांच्या पुनर्स्थापनेतून शिवारासाठी धडे

प्रस्तावना

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून वीस गिधाडे विदर्भात आणण्यात आली. त्यांपैकी दहा लांब चोचीची गिधाडे पेंच व्याघ्र प्रकल्पात आणि दहा पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात ठेवण्यात आली. नव्या हवेची, नव्या परिसराची सवय व्हावी म्हणून काही महिने ती मोठ्या पिंजऱ्यांत राहिली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यांना मोकळे करण्यात आले. महाराष्ट्राचा वन विभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांचा हा संयुक्त उपक्रम आहे.

कृषी संशोधनाच्या वार्तापत्रात, तेही कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने, गिधाडांवर का लिहावे असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. ही गिधाडे सोडली गेली जंगलात, परंतु ती जगतील की मरतील हे ठरणार आहे आपल्या गोठ्यात. जंगलाची राखण वन विभाग करील. आजारी बैलाला कोणते इंजेक्शन टोचले जाते यावर मात्र पशुपालकाचे, पशुवैद्यकाचे आणि गावात जाणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याचेच लक्ष असू शकते. म्हणून हा विषय आपला आहे.

पुनर्स्थापना म्हणजे काय आणि काय नव्हे

या विषयात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगितल्या जातात. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली गोष्ट पुनर्स्थापना. एखादी प्रजाती पूर्वी ज्या प्रदेशात नांदत होती आणि जिथून ती नाहीशी झाली किंवा नाममात्र उरली, तिथे तीच प्रजाती पुन्हा वसवणे. पेंच आणि ताडोबातील गिधाडे या प्रकारात येतात.

दुसरी गोष्ट पर्यायी प्रजाती आणणे. भारतातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून जे चित्ते आणले, ते आफ्रिकी उपप्रजातीचे आहेत. गेलेल्याच्या जागी त्याचा जवळचा नातेवाईक आणण्याचा हा प्रयोग होय.

तिसरी गोष्ट आपल्या क्षेत्रातील आहे. ती म्हणजे किडीच्या मागोमाग तिचा नैसर्गिक शत्रू आणणे. पपईवरील पिठ्या ढेकणाने दक्षिण भारतात हाहाकार केला, तेव्हा २०१० मध्ये ॲसेरोफॅगस पपाये ही परोपजीवी गांधीलमाशी परदेशातून आणून, बेंगळुरू येथे तिची तपासणी व गुणन करून बाधित राज्यांत सोडण्यात आली. हा कीटक इथला नव्हता. त्यामुळे विलगीकरण, अन्य कीटकांवरील परिणामांच्या चाचण्या आणि शासकीय परवानगी यांशिवाय तो आणता येत नव्हता.

तिन्ही गोष्टींत सोडण्याचा क्षण सारखाच दिसतो. पिंजरा उघडतो, छायाचित्रे निघतात. परंतु यश त्या क्षणी ठरत नाही. प्रजाती मुळात का गेली, ते कारण दूर झाले आहे का, यावर ते ठरते.

गिधाडे का गेली

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याच्या जागी गिधाडांचा थवा हे नेहमीचे दृश्य होते. राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गिधाडे झपाट्याने कमी होताना आढळली. पुढील गणनांतून जे निष्पन्न झाले ते भयंकर होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. पक्ष्यांच्या इतिहासात इतक्या मोठ्या संख्येची इतक्या वेगाने झालेली घट क्वचितच नोंदली गेली आहे.

सुरुवातीला विषाणूजन्य रोगाची शंका घेतली गेली. कीटकनाशकांवरही बोट ठेवले गेले. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासातून खरे कारण दाखवून दिले. ते होते डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांच्या ताप-सुजेवर सर्रास वापरले जाणारे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, तर त्याच्या मांसात व अवयवांत औषधाचा अंश उरतो. ते मांस खाल्ल्यावर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तात यूरिक आम्ल साचते आणि यकृत, हृदय यांवर त्याचा खडूसारखा पांढरा थर बसतो. काही दिवसांत पक्षी मरतो.

एक साधे गणित

येथे पुष्कळांना प्रश्न पडतो की, सगळ्याच जनावरांना तर हे औषध दिले जात नव्हते, मग जवळजवळ सगळी गिधाडे कशी मेली? याचे उत्तर साध्या गणितात आहे आणि ते शेतकरी मेळाव्यात फळ्यावर मांडून दाखवावे असे आहे.

गिधाड रोज जेवत नाही. ते साधारण तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते असे धरू. म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणे. समजा, दर २०० मृत जनावरांपैकी फक्त एकात घातक प्रमाणात औषध आहे. एका जेवणात वाचण्याची शक्यता २०० पैकी १९९. परंतु १२० जेवणे लागोपाठ वाचण्याची शक्यता केवळ ५५ टक्के. शंभर गिधाडांपैकी वर्षअखेर ५५ उरतील, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी १६. हे गणित मुद्दाम सोपे ठेवले आहे. परंतु २००० ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची प्रत्यक्ष मोजलेली वार्षिक घटही सुमारे ४४ टक्के होती.

आता विषारी शवांचे प्रमाण हजारात एक इतके खाली आणू. तरीही वर्षाला सुमारे ११ टक्के गिधाडे केवळ या एका कारणाने मरतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. एवढ्या मंद गतीने वाढणाऱ्या पक्ष्याला ११ टक्क्यांची जादा मर परवडणारी नाही.

कीड व्यवस्थापनात आपण आर्थिक नुकसानीची पातळी शिकवतो. किडीची संख्या त्या पातळीच्या खाली असली, तर फवारणी करू नका असे सांगतो, कारण थोडी कीड चालते. मावा दोन आठवड्यांत पुन्हा उभा राहतो. गिधाडाच्या बाबतीत अशी सहनशील पातळी जवळजवळ नाही. ‘बहुतेकांनी औषध बंद केले’ हे उत्तर आपल्या कामात चांगले मानले जाते. येथे ते अपुरे आहे. विस्तार कार्यकर्त्याने हा फरक नीट लक्षात घ्यावा.

मृत जनावर आणि माशी

कीटकशास्त्राच्या दृष्टीने मृत जनावर हे एक शर्यतीचे मैदान असते. मृत्यूनंतर काही वेळातच हिरव्या-निळ्या मांसमाश्या तिथे पोहोचतात, ओलसर जागी अंडी घालतात आणि आपल्याकडील उष्णतेत एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. जिवाणूंची वाढ त्याच वेळी सुरू असते. गिधाडांचा मोठा थवा ही शर्यत सुरू होण्याआधीच संपवतो. एखाद्या जनावराचा सांगाडा तो तासाभरात मोकळा करू शकतो. गिधाडाच्या जठरातील तीव्र आम्ल अनेक रोगजंतूंचा नाश करते.

गिधाडे गेल्यावर मैदान माश्या, उंदीर आणि भटकी कुत्री यांच्या ताब्यात गेले. ही कामगार-बदल समाजाला महागात पडली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाले असावेत. अस्वच्छ पाणी आणि पिसाळलेली कुत्री ही त्यामागची संभाव्य कारणे त्यांनी दिली आहेत. फुकट सेवा देणारा जीव गेला की त्याच्या सेवेची किंमत कळते, याचे याहून कठोर उदाहरण मिळणार नाही.

एका फुलपाखराचा धडा

पुनर्स्थापनेचे शास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी इंग्लंडमधील ‘लार्ज ब्ल्यू’ या निळ्या फुलपाखराची कथा सांगतो. हे फुलपाखरू दुर्मीळ होऊ लागले, तेव्हा संग्राहक ते पकडून नेतात असे समजून काही ठिकाणी कुरणांना कुंपणे घातली गेली. कुंपणामुळे चराई थांबली. फुलपाखरू तरीही कमी होत गेले आणि १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसे झाले.

जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने तोवर खरे कारण शोधले होते. या फुलपाखराची अळी सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे रानातील थाइमच्या फुलांवर जगते. मग ती जमिनीवर पडते आणि मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात. तिथे ती मुंग्यांची पिल्ले खाऊन वाढते. परंतु त्यासाठी मिर्मिका सॅब्युलेटी ही एकच जात खऱ्या अर्थाने उपयोगी पडते आणि या मुंगीला ऊन लागणारी, आखूड गवताची उबदार जमीन लागते. चराई थांबली आणि रोगाने ससे मेले, तेव्हा गवत वाढले, जमीन गार झाली, ती मुंगी गेली आणि तिच्यामागे फुलपाखरू गेले. चराई पुन्हा सुरू करून, मुंगी परत आल्यावरच १९८३ पासून स्वीडनमधील फुलपाखरांच्या अळ्या आणून सोडल्या गेल्या आणि ती स्थिरावली.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. चुकीचे कारण धरून केलेले संरक्षण हे अपायही करू शकते. आणि काही जीव माणसाच्या योग्य वापरामुळेच टिकतात. त्या कुरणाला कुंपण नव्हे, गुरे हवी होती. गिधाडांचेही तसेच आहे. त्यांना माणसापासून तोडलेले जंगल पुरत नाही. त्यांना गावाची गुरे हवीत, फक्त ती विषमुक्त हवीत.

कायद्याने काय झाले आणि काय उरले

भारतात २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी आली. त्यानंतर माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये मानवी वापराच्या इंजेक्शनची कुपी तीन मिलिलीटर इतकीच मर्यादित करण्यात आली. पुढे आणखी औषधे घातक असल्याचे दिसले. केटोप्रोफेन गिधाडांना मारते. ॲसिक्लोफेनॅक तर गुराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होते. जुलै २०२३ मध्ये या दोन्हींच्या पशुवापरावर बंदी आली. त्यानंतर निमेसुलाइडच्या पशुवापरावरही आली.

पर्याय उपलब्ध आहेत. मेलोक्सिकॅम हे गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचे २००६ पासून सिद्ध आहे आणि टोल्फेनॅमिक आम्लही चाचण्यांत सुरक्षित ठरले आहे. दोन्ही गुरांच्या ताप, सूज व वेदनेवर वापरली जातात.

सोडलेल्या गिधाडांच्या भोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचे ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ असावे असे तज्ज्ञ मानतात. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस किलोमीटर होते, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक. एवढ्या टापूत वन विभागाची हद्द थोडी आणि गावे असंख्य. एका गावातील एका औषध दुकानात उरलेला जुना साठा किंवा अनेक लहान कुप्या फोडून दिलेला एक डोस हे वर्तुळ मोडू शकतो.

बेंगळुरूपासून साधारण पन्नास किलोमीटरवर रामनगर येथे रामदेवर बेट्ट ही खडकाळ टेकडी आहे. ‘शोले’ चित्रपटामुळे ती सर्वांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये ती गिधाड अभयारण्य म्हणून घोषित झाली. कडे शाबूत आहेत, घरट्यांच्या जागा शाबूत आहेत, कायद्याचे संरक्षण आहे. तरी तेथील लांब चोचीची गिधाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. तिथे दुर्बिण लावून बसताना रिकाम्या कपारी दिसतात, तेव्हा केवळ जागा राखल्याने प्रजाती राखली जात नाही हे पटते.

शिवारातील लहान पुनर्स्थापना

प्रत्येक गावात गिधाडे सोडली जाणार नाहीत. परंतु हेच तत्त्व प्रत्येक शेताला लागू आहे. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर पांढऱ्या लोकरी माव्याचा उद्रेक झाला आणि तो महाराष्ट्र व कर्नाटकात पसरला. ते दिवस अनेक वाचकांना आठवत असतील. पाने पांढरी, त्याखालची काजळीने काळी. पहिली प्रतिक्रिया फवारणीची होती. उंच उसात ती नीट पोहोचतही नव्हती.

पुढे डिफा अफिडिव्होरा, म्हणजे आपण ज्याला कोनोबाथ्रा म्हणून ओळखतो ती मावा खाणारी अळी, आणि मायक्रोमस इगोरोटस हे भक्षक कीटक शेतात आढळू लागले. बेंगळुरू येथील जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाच्या प्रयत्नांतून आसाममधील एन्कार्सिया फ्लॅवोस्क्युटेलम ही परोपजीवी माशी आणून सोडण्यात आली. परोपजीवी व भक्षक असलेली पाने शेतकऱ्यांनी एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधली आणि लोकरी मावा आटोक्यात आला.

मात्र जिथे मित्रकीटक सोडल्यावर पुन्हा फवारणी झाली, तिथे हे श्रम वाया गेले. कारण कायम ठेवून जीव सोडणे म्हणजे पाणी गळणाऱ्या रांजणात भरत राहणे होय. गिधाड असो वा एन्कार्सिया, नियम एकच. आधी कारण दूर करा, मग सोडा, मग लक्ष ठेवा. पुष्कळदा पहिली पायरी नीट झाली, तर दुसरीची गरजही पडत नाही. बांधावरची फुलझाडे आणि फवारणीतील संयम एवढ्यावर मित्रकीटक, सातेरी मधमाश्या आपण होऊन परततात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिसूची

१. आपल्या गावातील औषध दुकाने आणि खासगी पशुसेवक यांना भेटा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोप्रोफेन आणि निमेसुलाइड गुरांना देऊ नयेत हे सांगा. बंदीचे कारण समजावून सांगा; केवळ धाक घातल्यास वापर लपून होतो.

२. पशुपालकाला एक सवय लावा. इंजेक्शन टोचण्यापूर्वी औषधाचे नाव विचारावे आणि ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. मेलोक्सिकॅमचा डोस मात्र पशुवैद्यकाने ठरवावा.

३. उपचार सुरू असताना किंवा उपचारानंतर लगेच जनावर दगावले आणि औषध कोणते होते याची खात्री नसेल, तर शव उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे. काळपुळीची शंका असल्यास शव फाडू नये, हलवू नये आणि तत्काळ पशुवैद्यकास कळवावे.

४. बिबट्या, कोल्हा किंवा भटकी कुत्री मारण्यासाठी शवावर कीटकनाशक टाकण्याचा प्रकार हा कायद्याने गुन्हा ठरतो. एका विषारी शवाने संपूर्ण थवा मरू शकतो. कीटकनाशकाचा सल्ला देणारे आपणच असल्याने ही जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

५. वन विभाग काही ठिकाणी गिधाडांसाठी खाद्यस्थळे चालवतो. तिथे जनावर देण्यापूर्वी त्याचा मागील उपचार सांगणे बंधनकारक माना.

६. पाठीवर यंत्र किंवा पायात कडे असलेले गिधाड दिसल्यास, विशेषतः ते मान खाली टाकून सुस्त बसलेले आढळल्यास, वन विभागाला कळवा. जवळ जाऊ नका, हुसकावू नका.

७. गावाबाहेरची उंच, जुनी झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तर त्यांवर घरटी आहेत का हे आधी पाहा.

सारांश

पुनर्स्थापनेची गोष्ट पिंजरा उघडण्यापाशी सुरू होत नाही. ती जीव नाहीसा का झाला या प्रश्नापासून सुरू होते. गिधाडांच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळालेले आहे, पर्यायी औषध बाजारात आहे, कायदाही आहे. उरले आहे ते गावोगाव पोहोचवण्याचे काम, आणि ते काम करणारी यंत्रणा देशात विस्तार सेवेखेरीज दुसरी नाही.

चर्चासत्रासाठी प्रश्न : आपल्या गावात गेल्या वर्षभरात दगावलेल्या शेवटच्या पाच जनावरांना मृत्यूपूर्वी कोणते औषध दिले होते? गटातील किती जणांना याचे उत्तर खात्रीने देता येते ते मोजा. तो आकडा म्हणजे आपल्या कामाची सुरुवात होय.